रोज सात वाजता पोट का दुखतं?

प्रश्न: साताऱ्याहून एका आईचं पत्र आलं आहे. त्या पतसंस्थेत नोकरी करतात, यजमान एमआयडीसीत, पाळीवर. घरी सासूबाई असतात. सात वर्षांची मुलगी सेमी-इंग्रजी शाळेत दुसरीला आहे. वर्गाच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर इतर मुलांच्या वर्कशीटचे आणि क्राफ्टचे फोटो रोज येतात. ते पाहून यांनीही जूनपासून रोज संध्याकाळी सात ते आठ 'होम ॲक्टिव्हिटी' सुरू केली. प्रिंटआउटचे गठ्ठे, फ्लॅशकार्ड, रंगीत कागद, सगळं आणलं. पहिले काही दिवस मजेत गेले. आता सात वाजत आले की मुलीचं पोट दुखतं. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. मुलगी वाचताना अडखळते आणि पंचवीस लिही म्हटलं की ५२ लिहिते. सासूबाई म्हणतात, "खेळू दे की पोरीला." त्या नातीशी आकडे मराठीत बोलतात आणि शाळेत गणित इंग्रजीत, त्यामुळे गोंधळ होतो असं या आईंना वाटतं. यजमानांचं म्हणणं, अबॅकसचा क्लास लावू. आई लिहितात, "ती मागे पडतेय. रोजच्या तासासाठी नीट आखलेल्या ॲक्टिव्हिटी सुचवा. आणि मराठी आकडे बोलू नका हे सासूबाईंना न दुखावता कसं सांगू, तेही सांगा."

उत्तर: ताई, तुम्ही मागितलेला तक्ता मी देणार नाही. सासूबाईंना सांगायचं वाक्यही देणार नाही. कारण दोन्हींची गरज आहे असं पत्र वाचून वाटलं नाही. उलट तुमच्या घरात जे आहे त्यातलं निम्मं तुम्ही अभ्यासात धरलेलंच नाही, असं वाटलं.

आधी त्या तासाबद्दल. मुलगी शाळेतून येते, तुम्ही पतसंस्थेतून येता, स्वयंपाक व्हायचा असतो आणि त्यात हा तास. सात वाजता तुम्हा दोघींमध्ये त्राण किती उरत असेल? लहान मुलांना ताण सांगता येत नाही, तो पोटात उतरतो. ते दुखणं ढोंग नसतं, खरंच दुखतं. (रात्री झोपेतून उठून रडली, उलट्या झाल्या, ताप आला किंवा वजन घटलं तर पुन्हा डॉक्टरांकडे जा. फक्त सातच्या सुमारास दुखत असेल तर औषध घड्याळात आहे.) केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नसावा आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला फार तर दोन तास असावा, असं म्हटलं आहे. तुम्ही तिसरी ते पाचवीचा आठवड्याचा कोटा दोन दिवसांत संपवताय, तोही दुसरीतल्या मुलीसाठी.

म्हणून पहिलं काम: पुढचे दोन आठवडे तो तास पूर्ण बंद. "आजपासून सातची ॲक्टिव्हिटी नाही" असं तिला स्पष्ट सांगा. "तू नीट करत नाहीस म्हणून बंद" असा सूर मात्र चुकूनही नको. व्हॉट्सॲप ग्रुप म्यूट करा. शाळेच्या सूचना सकाळी एकदा बघितल्या तरी पुरतात. त्या क्राफ्टच्या फोटोंत पूर्ण झालेलं कागदाचं घुबड दिसतं. ते कापलं कोणी, रडारड किती झाली, हे फोटोत येत नाही. माझा तर अंदाज आहे की त्यातली बरीच घुबडं आयांनीच कापलेली असतात.

आता 'मागे पडतेय' याकडे येऊ. कोणाच्या मागे? पायाभूत साक्षरतेसाठी २०२१ मध्ये 'निपुण भारत' अभियान सुरू झालं. त्यात दुसरीच्या अखेरीस काय यावं हे ठरवून दिलं आहे: अनोळखी मजकूर मिनिटाला साधारण ४५ ते ६० शब्दांच्या गतीनं, अर्थ समजून वाचणं, ९९९ पर्यंतच्या संख्या वाचणं-लिहिणं, ९९ पर्यंतच्या संख्यांची वजाबाकी. हे दुसरीच्या अखेरीचं आहे आणि तुमच्या मुलीचं वर्ष अजून संपलेलं नाही. अडखळत वाचणं आणि अंकांची अदलाबदल या वयात सर्रास दिसते. म्हणजे लक्ष द्यायला हवं, पण घाबरायला नको. तुम्ही सध्या घाबरून लक्ष देताय आणि ते तिला कळतंय.

अंकांचं जरा सविस्तर बोलू, कारण सासूबाईंवर आळ तिथेच आलाय. 'पंचवीस' ऐकताना आधी पाच येतो, मग वीस. मूल ऐकलं त्या क्रमानं लिहितं: आधी ५, मग २. यात विचार आहे, निष्काळजीपणा नाही. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस पाच' अशी संख्यावाचनाची पद्धत आणली ती याच अडचणीमुळे. त्यावर केवढा गदारोळ झाला हे आठवत असेल. तुम्हाला वाटेल, मग इंग्रजीच बरं. पण 'थर्टीन'पासून 'नाइन्टीन'पर्यंत इंग्रजीतही सुटा अंक आधीच ऐकू येतो. मुलीला दोन भाषांमुळे अडत नाहीये. डावीकडचा २ म्हणजे दोन दहा, हे अजून तिच्या हाताखालून गेलेलं नाही, म्हणून अडतंय. कागदावर पन्नास वेळा २५ गिरवून ते जाणार नाही.

त्यासाठी खराट्याच्या काड्या घ्या. बोटभर लांबीच्या शंभरेक काड्या आजींना नातीकडून मोडून घेऊ द्या. दहा काड्या मोजायच्या, रबर लावायचं, एक गड्डी तयार. गड्ड्या मुलीनंच बांधायच्या; तयार गड्ड्या हातात दिल्या तर निम्मा फायदा गेला. मग आजींनी म्हणायचं, "पंचवीस दे गं." ती दोन गड्ड्या आणि पाच सुट्या काड्या काढेल. गड्ड्या डावीकडे, सुट्या उजवीकडे. खाली खडूनं फरशीवर लिहायचं: २५. आता शेजारी पाच गड्ड्या आणि दोन सुट्या मांडा, खाली ५२. "या काड्या म्हणजे शेंगदाण्याच्या चिक्क्या आहेत असं समज, कुठला ढीग घेशील?" इथं बहुतेक मुलं हसतात, आणि हसली की समजा, गाडी रुळावर आली. त्याच ढिगाला आजी 'पंचवीस' म्हणतील, मुलगी 'ट्वेंटी फाइव्ह' म्हणेल. ढीग एकच आहे हे डोळ्यांसमोर असलं की दोन्ही नावं सुखानं नांदतात. एकोणतीसला तर काड्यांशिवाय पर्यायच नाही. तीन गड्ड्या मांडायच्या, एक सोडायची आणि तिच्यातली एक काडी काढून घ्यायची. तिसाला एक कमी. एकोणचाळीस, एकोणपन्नास असे चार-पाच वेळा केले की ती स्वतःच 'एकोणसाठ'चा अंदाज बांधेल.

वजाबाकीत हातचा घेणं म्हणजे गड्डीचं रबर सोडणं. ३२ मधून ७ काढायचे, सुट्या दोनच, मग एक गड्डी सोडा. पुढं वहीत तेच गणित आलं की तिच्या बोटांना ते आठवेल.

म्हणून सासूबाईंना गप्प करू नका. त्यांच्याकडे आणखीही ऐवज आहे. एकी-बेकी त्यांना नक्की येत असेल: मुठीत चिंचोके धरायचे, समोरच्यानं 'एकी' की 'बेकी' सांगायचं, मग मूठ उघडून जोड्या लावून बघायचं. सम-विषम संख्या याहून सोप्या रीतीनं मी कुठं शिकवलेल्या पाहिलेल्या नाहीत. त्यात थोडी भर घाला. बारा चिंचोके दाखवायचे, काही मुठीत लपवायचे, उरलेले जमिनीवर. मुठीत किती? सात खाली दिसले तर पाच. तोंडी वजाबाकीचा हा रोजचा रियाज आहे, आणि मुलगी उलट आजींची परीक्षा घेऊ लागली की तो आपोआप दुप्पट होतो. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच ही मापं भाजी घेताना, डाळ मोजताना तिच्या कानावर पडू द्या. पुढं अपूर्णांकांशी गाठ पडेल तेव्हा ती ओळखीची निघतील.

हे सगळं जुनं आहे आणि जुनं म्हणून चांगलं आहे असं मुळीच नाही. पाढ्यांची धाक दाखवून केलेली घोकंपट्टीही जुनीच. पण वस्तू हाताळून शिकण्याची परंपरा आपल्याकडे विचारपूर्वक उभी राहिली आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढं कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांबरोबर काम केलं. महागडी मॉन्टेसरी साधनं तिथं परवडणारी नव्हती, म्हणून खडे, शिंपले, बिया, पानं हीच साधनं झाली. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळा कुरणात नेली. कुरणशाळा नाव त्यावरूनच पडलं. मूल जिथं आहे, ज्या कामात आहे, तिथं शिकणं न्यायचं, हा त्यांचा हिशोब होता. तुमची मुलगी संध्याकाळी सात वाजता कुठं असते? ओट्याच्या आसपास. मग तिथंच घ्या.

चार माणसं, प्रत्येकी तीन पोळ्या, तर किती लाटायच्या हे तिला विचारा. आज बाबा रात्रपाळीला गेलेत, डब्यात चार नेल्या, आता किती? शेंगा सोलताना एका शेंगेत किती दाणे निघतात ते बघू दे. दोन दाण्यांच्या शेंगांचा एक ढीग, तीन दाण्यांच्यांचा दुसरा, कुठला मोठा? रविवारी अंगणात रांगोळीचे पाच ओळींत पाच-पाच ठिपके काढले की पाच पंचे पंचवीस पायाशी मांडलेले असतात. कणीक तिंबणं, शेंगा सोलणं, फुलांचा गजरा ओवणं यांत बोटांना जो व्यायाम होतो तो पेन्सिल धरायला उपयोगी पडतो. पण एक सावधगिरी ठेवा. प्रत्येक पोळीवर प्रश्न विचारू नका. आई तोंड उघडेल ती प्रश्नच विचारेल असं झालं की मूल ओट्याकडंही फिरकत नाही. दिवसाला एखाद-दोन प्रश्न, बाकी नुसत्या गप्पा. कधी चुकीचं उत्तर आलं तर तितक्याच पोळ्या लाटा. एक कमी पडली की तिची तिलाच कळेल.

आता वाचन. इथं मात्र घरच्या सरावाला पर्याय नाही, आणि 'खेळू दे की' एवढ्यानं भागणार नाही. वाचनाची गती वाचूनच येते. पण दहा मिनिटं पुरेत आणि ती सातलाच हवीत असं नाही. शाळेत जाण्याआधी वेणी घालताना किंवा झोपताना चालेल. वेळ तिला निवडू द्या. एखादी छोटी गोष्ट लागोपाठ तीन-चार दिवस तीच वाचू द्या. मोठ्यांना कंटाळा येतो, मुलांना येत नाही, आणि चौथ्या दिवशी ती न अडखळता वाचते तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा असतो. अडली तर लगेच शब्द सांगू नका. मनात पाच मोजा, तरी जमलं नाही तर सांगून पुढं चला. प्रत्येक चूक दुरुस्त करायची नाही. अर्थ बदलत असेल तेवढीच. आणि वाचून झाल्यावर 'तात्पर्य काय' नको. "तुला काय वाटतं, तो परत जाईल का?" एवढं पुष्कळ.

वाचायला काय द्यायचं? 'प्रथम बुक्स' प्रकाशनाच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत, फुकट आहेत, फोनवर उघडतात. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक ऑनलाइन वाचायला मिळतात. ते तिच्यासाठी थोडे पुढचे, तुम्ही मोठ्यानं वाचून दाखवा. मूल स्वतः वाचू लागलं तरी त्याला वाचून दाखवणं थांबवायचं नसतं. जो शब्द कधी कानावर पडलेला नाही तो जुळवून वाचता आला तरी कळत नाही. त्याच कारणानं आजींच्या गोष्टीही वाचनाच्या तयारीतच मोडतात.

आणि साताऱ्यात असून एसटी स्टँड विसरू नका. कधी गावाला निघालात की दहा मिनिटं आधी पोचा आणि तिला पाट्या वाचू द्या. 'फलटण': एकही काना-मात्रा नाही, चार सरळ अक्षरं. मग 'कराड', 'पाटण'. मग 'वाई', 'मेढा'. 'कोरेगाव' जमलं की 'रहिमतपूर', 'दहिवडी'. 'पंढरपूर'ला अनुस्वार येतो, 'स्वारगेट'ला सुरुवातीलाच जोडाक्षर, आणि 'महाबळेश्वर' वाचलं की त्या दिवशीचं आइस्क्रीम पक्कं. शिवाय इथं वाचण्याला कारण असतं, चुकीची पाटी वाचली तर गाडी चुकते. आपली गाडी शोधायचं काम तिच्यावर सोपवा. तुम्हाला गाडी दिसली असली तरी गप्प बसा. (अवघड आहे, कल्पना आहे.) पत्र वाचणाऱ्या इतर गावांतल्या पालकांनी आपापल्या स्टँडवरच्या पाट्यांची अशीच चढण लावून बघावी.

लेखनाचं थोडक्यात. वाणसामानाची यादी तिला लिहू द्या. 'मिठ' लिहिलं तरी दुकानदार मीठच देतो. ऱ्हस्व-दीर्घ पुढं दुरुस्त होतं. लिहिण्याची भीती एकदा बसली की ती मात्र लवकर निघत नाही. आजींचा चष्मा हाताशी नसेल तेव्हा पेपरातले मथळे वाचून दाखवण्याची जबाबदारीही तिचीच.

यजमानांना वगळू नका. क्लास लावायचं सुचवलं म्हणजे काळजी त्यांनाही आहे. अबॅकस वाईट नाही; मण्यांवर एकक-दशक नीट दिसतं. पण आत्ता क्लास म्हणजे आणखी एक 'सात वाजता', आणि तिथं भर वेगावर असतो. तिला आत्ता समज हवी आहे, वेग नंतर. ज्या आठवड्यात त्यांची कामाची पाळी सकाळची असेल तेव्हा ते दुपारनंतर घरी असतील. त्यांना पत्त्यांचा कॅट द्या. भिकार-सावकारमध्ये पानांवरच्या संख्या ओळखणं, सात-आठमध्ये हात मोजणं आणि वाट बघणं, दोन्ही येतं. सापशिडीत दोन फासे घेतले की बेरीज सुरू. मुलीला मुद्दाम जिंकू देऊ नका, तिला कळतं. वर्षभरानंतर तिनं स्वतः मागितलं तर अबॅकसचा विचार जरूर करा.

तुम्ही विचाराल, ठरलेली वेळ अजिबातच नको का? काही मुलांना ठरलेली वेळ आवडते, तिचा आधार वाटतो. दोन आठवड्यांनी पोटदुखी थांबली आणि तिला हवं असेल तर पंधरा मिनिटं ठेवा. काय करायचं ते एक दिवस ती ठरवेल, एक दिवस तुम्ही. वर्कशीटचे गठ्ठे तिच्यासमोर उघडे ठेवा. काही मुलांना ठिपके जोडणं, चक्रव्यूह सोडवणं मनापासून आवडतं. तिनं उचललं तर उत्तम, नाही उचललं तर पाठकोऱ्या बाजूवर वाणसामानाच्या याद्या होतील. आणि ज्या दिवशी तुमचे पाय दुखतात त्या दिवशी काहीच नको. ती आणि तुम्ही गॅलरीत बसून गाड्या बघितल्यात तरी चालेल.

एवढं करूनही मार्च-एप्रिलपर्यंत सुटी अक्षरंच ओळखू येत नसतील, ओळी सुटत असतील, फळ्यावरचं उतरवताना डोळे बारीक होत असतील, किंवा तोंडी सगळं येतं आणि कागदावर काहीच उतरत नाही असं दिसलं, तर आधी डोळे आणि कान तपासा. मग बालविकासतज्ज्ञांना भेटा. वाचन-अक्षमतेसारखी अडचण असेल तर ती जितकी लवकर कळेल तितकी मदत सोपी होते, आणि त्यात तुमचा किंवा तिचा दोष नसतो. पण त्याची पहिली खूण वर्गात दिसते. म्हणून येत्या पालकसभेला बाईंना 'कशी आहे हो अभ्यासात' असं मोघम विचारू नका. नेमकं विचारा: वर्गात ती मोठ्यानं वाचायला आपणहून उठते का? आणि दशक-एकक शिकवताना तुम्ही काड्या वापरता की मणी, म्हणजे आम्ही घरी तेच वापरू.